बाबा म्हणतात “माझं काय, मी मजेत”, आणि फोन चार वाक्यांत संपतो

खिडकीपाशी:

पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाबा ७८ वर्षांचे. आईला जाऊन चौदा महिने झाले. ते घरीच राहतात, एकटे, आणि तसंच राहायचंय हे त्यांनी मला स्वच्छ सांगितलंय. मी तिथून चार तासांच्या अंतरावर. वयाच्या मानाने तब्येत ठणठणीत आहे, स्वतःचं सगळं स्वतः करतात. त्यामुळे कोणाशी बोलायला जावं तर “अगं, मग अजून काय हवंय?” एवढंच ऐकायला मिळतं.

रोज रात्री साडेआठला मी फोन करते. तो असा होतो:

“काय करताय?”
“काही नाही. बसलोय.”
“बरं आहे ना?”
“माझं काय, मी मजेत. तू कशी आहेस?”
“मी ठीक.”
“बरं मग, ठेवू?”

एक मिनिट दहा सेकंद. कधी एक मिनिट चार. मोबाइलवर आकडा दिसतोच. वर्षभर हे असंच चाललंय.

काय काय करून पाहिलं तेही सांगते. व्हिडिओ कॉलसाठी टॅबलेट घेऊन दिला. तो आता भिंतीकडे तोंड करून उभा आहे, वर रुमाल. ज्येष्ठांच्या एका गटात नाव घातलं. दोनदा गेले, तिसऱ्यांदा “तिथे माझ्यासारखं कोणी नाही” म्हणाले. सोबतीला दिवसाचे दोन तास एक माणूस ठेवला, त्याला सहाव्या दिवशी रजा दिली. “मला नुसता बसून बघणारा नको.”

मागच्या महिन्यात मी न कळवता त्यांच्याकडे गेले. टेलिफोनची जुनी वही टेबलावर उघडी होती. जी माणसं गेली त्यांच्या नावांवर बाबा रेघ मारतात. कारखान्यात लेथ मशिनवर ३४ वर्षं काढलेला माणूस, रेघसुद्धा पट्टी लावून, दोन्ही टोकांना सारखी जागा सोडून. उघड्या पानावर अकरा नावं होती, आठांवर रेघ. शेवटच्या रेघेची शाई ताजी दिसत होती. त्या मित्राच्या जाण्याबद्दल मला फोनवर अक्षरही बोलले नव्हते. सांगणार तरी कधी? सत्तर सेकंदांत?

माझं काय चुकतंय? “वेळ द्या, प्रेम द्या” सोडून काही सांगता येईल का? उद्या सकाळी उठून करता येईल असं.

---

सरळसोट:

तुमच्याकडे घेऊन या. विषय संपला.

---

खिडकीपाशी:

@सरळसोट, दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. त्यांना यायचं नाहीये.

---

मुद्रितशोधक७४:

ताई, आयडीतला आकडा म्हणजे माझं वय. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, एकटा राहतो. इथे ज्यांच्याबद्दल चर्चा चाललीय त्यांतलाच मी एक. म्हटलं, आमच्या बाजूनेही कोणीतरी लिहावं.

तुमचे बाबा खोटं बोलत नाहीत. “बरं आहे ना?” या प्रश्नाला आमच्या वयाच्या माणसाकडे दोनच उत्तरं असतात. “नाही” म्हणालो तर तुम्ही रात्रीच गाडी काढाल. मग “हो”. शाळेत हजेरी घेताना “हजर” म्हणून खाली बसायचो, तसंच हे. माझा मुलगाही दोन वर्षं रोज हजेरी घ्यायचा. गुणी पोरगा आहे, एकही दिवस चुकला नाही. पण फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त गप्प वाटायचं. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

आयुष्यभर मुद्रितं तपासून पोट भरलं. लोकांच्या वेलांट्या नि उकार सांभाळले. निवृत्तीनंतर हातातली लाल पेन्सिल सुटली. बायको होती तोवर ते जाणवलं नाही. मग एके दिवशी संध्याकाळी सुनेने कसल्याशा अर्जाचे फोटो पाठवले. “बाबा, एवढं बघून देता का? उद्या सकाळी दहाला द्यायचाय, माझं डोकं चालेनासं झालंय.” चार पानांत सतरा चुका निघाल्या, त्यातल्या दोन तर अर्ज फेटाळला जावा अशा. साडेबारापर्यंत जागलो. “उद्या सकाळी दहाला” हे शब्द मला कित्येक वर्षांत कोणी ऐकवले नव्हते. मी नाही केलं तर कोणाचं तरी अडेल, ही भावनाच विसरलो होतो.

तेव्हापासून सून पाठवते, तिच्या मैत्रिणी पाठवतात, आता नातही पाठवते आणि माझ्याशी वाद घालते. तिच्या मते मी नुक्ताचीनी करतो. (हा शब्द तिला मीच शिकवला.)

म्हणून सांगतो, बाबांची चौकशी थोडी कमी करा आणि त्यांच्याकडे एखादं काम घेऊन जा. खरं काम हवं, लुटुपुटीचं आम्हाला ओळखू येतं. “तेवढाच तुमचा वेळ जाईल” हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. वेळ न जायला काय झालंय, तो कसाही जातोच. चौतीस वर्षं लेथवर होते म्हणता ना? मग तुमच्या घरात काही मोडत असेल की. चाक, बिजागरी, दांडा, कुलूप. ते न्या नि म्हणा, “दुकानदार म्हणतो नवीन घ्या. तुम्हाला काय वाटतं?” दुरुस्त नाही झालं तरी बिघडत नाही, फोनला विषय तर मिळेल. आणि लगेच सल्ला पाळू नका. थोडी हुज्जत घाला.

दुसरी गोष्ट जरा लाजिरवाणी आहे, पण इथे मला ओळखतंय कोण. मीही ज्येष्ठांच्या गटात जायचो आणि सोडलं. मुलाला सांगितलं, तिथे नुसतं राजकारण चालतं, मला नाही पटत. खरं कारण लघवी. रक्तदाबासाठी सकाळी पाणी काढणारी गोळी घ्यायचो, प्रोस्टेटचा त्रास होताच, आणि तिथलं स्वच्छतागृह पार पलीकडच्या टोकाला. सगळ्यांसमोरून तासाभरात तीनदा जायचं. एकदा पोहोचेपर्यंत उशीर झाला. पँट गडद रंगाची होती म्हणून निभावलं. त्यानंतर दीड वर्ष मी “राजकारणा”मुळे घरी बसलो.

शेवटी हे डॉक्टरांपुढे निघालं, तेही त्यांनी मुलाला बाहेर थांबवून विचारलं म्हणून. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली, प्रोस्टेटवर औषध सुरू केलं. (वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलायची, आपल्या मनाने नाही.) आता मी दाराजवळच्या खुर्चीवर बसतो आणि राजकारणावर सगळ्यांत जास्त मीच बोलतो.

म्हणून “तिथे माझ्यासारखं कोणी नाही” यावर फारसा विश्वास ठेवू नका. त्याच्याखाली काय आहे ते शोधा. गुडघा असेल, कवळी बोलताना निसटत असेल, अंधारात परत येताना पडण्याची धास्ती असेल. आमच्या पिढीला “मला ती माणसं आवडत नाहीत” म्हणणं सोपं जातं. “मला जमत नाही” म्हणणं फार अवघड.

अवांतर: ब्रिटनने २०१८ साली एकटेपणाचं खातं एका मंत्र्याकडे सोपवलं, जपानने २०२१ साली. चांगलंच आहे. पण मंत्री काही माझ्याकडे मुद्रित तपासायला पाठवणार नाहीत.

---

कानगोष्ट:

मुद्रितशोधक काकांना पूर्ण अनुमोदन. मी श्रवणतपासणीचं काम करते, एकोणीस वर्षं झाली. धागा वाचताना दोन ठिकाणी थबकले. एक, लेथवर ३४ वर्षं. दोन, तो चार वाक्यांचा संवाद.

तो संवाद पुन्हा वाचा. त्यात एकही अनपेक्षित वाक्य नाही. ज्याला नीट ऐकू येत नाही तो माणूस संभाषण असंच चालवतो. प्रश्न कोणता येणार हे ठाऊक असतं, उत्तर तयार असतं. मग “तू कशी आहेस?” विचारून चेंडू तुमच्याकडे टाकला की मोकळं. नवा विषय निघाला तर पंचाईत, म्हणून तो निघण्याआधीच “ठेवू?”. याला तुटकपणा म्हणू नका. दमणूक आहे ती.

वयोमानाने कान जातो तो आधी उंच पट्टीच्या आवाजांना जातो. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ट’ यांसारखी व्यंजनं विरतात. म्हणून हे लोक म्हणतात, “ऐकू येतं गं, पण तुम्ही सगळे पुटपुटता.” त्यांना तसंच ऐकू येतं. कारखान्यातल्या सततच्या आवाजाने होणारी इजा बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणजे व्यंजनांच्या वस्तीतच. आणि जुन्या पद्धतीचा साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेतो. आधीच विरलेलं, त्यात फोनने कापलेलं, वर ओठ दिसत नाहीत. बायकांचा आणि मुलांचा आवाज तर आणखीच अवघड. म्हणजे लेकीचा, नातवंडांचा.

अशा माणसाला पंचवीस जणांच्या गटात, पंखे चालू असलेल्या सभागृहात नेऊन बसवलं की काय होतं? विनोद होतो, सगळे हसतात, हा दोन सेकंद उशिरा हसतो. तिसऱ्या दिवशी तो जात नाही.

करायचं असं. पुढच्या भेटीत ते पाठमोरे असताना, टीव्ही बंद असताना, नेहमीच्या आवाजात एखादा न ठरलेला प्रश्न विचारा. “काय?” आलं किंवा भलतंच उत्तर आलं तर कान तपासायला न्या. आधी मळ बघायला सांगा. नुसता मळ निघूनही कधीकधी केवढा फरक पडतो. मग कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो, याचा रीतसर आलेख काढून घ्या.

श्रवणयंत्र लागलं तर पहिले काही आठवडे कठीण जातील, हे आत्ताच सांगून ठेवते. मेंदूला या आवाजांची सवय सुटलेली असते. कागदाची चुरचुर, नळाची धार, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळं अंगावर येतं. सुरुवातीला घरातच, शांत वेळी, एकदोन तास घालायचं आणि हळूहळू वाढवायचं. जुळवणीसाठी, म्हणजे यंत्राचा आवाज कानाला बेतून घेण्यासाठी, दोनतीनदा परत जावं लागतं, तिथे बरेच जण कंटाळून यंत्र डबीत ठेवून देतात. बोटं जाड असतील तर नखाएवढ्या बॅटऱ्या बदलण्यापेक्षा चार्जिंगचं यंत्र बरं.

तोवर तुम्ही एवढं करा: समोर बसून बोला, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, आधी हाक मारा आणि मग वाक्य सुरू करा. ओरडू नका, ओरडण्याने व्यंजनं आणखी बिघडतात. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा.

एक अभ्यास सांगते, माझा आवडता आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या, ऐकू कमी येणाऱ्या ९७७ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला श्रवणयंत्र आणि त्याचं समुपदेशन, दुसऱ्याला आरोग्याची सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी यंत्रवाल्यांच्या गोतावळ्यात दुसऱ्या गटापेक्षा सरासरी एक माणूस जास्त टिकून होतं. एकच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या वहीच्या पानावर तीनच उरलेत ना?

---

एकटीच_बरी:

जरा उलटं बोलते, रागावू नका.

मी ६९ वर्षांची, लग्न केलं नाही, एकटी राहते आणि मजेत राहते. माझी भाची दर आठवड्याला मला कुठल्यातरी गटात ढकलायला बघते. एकटं राहणं आणि एकाकी असणं या दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. भरल्या घरात एकाकी असलेली माणसं मी रग्गड पाहिलीयत.

शिवाय एकाकीपणही एकाच जातीचं नसतं. रॉबर्ट वाइस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये त्याच्या दोन जाती सांगितल्या. गोतावळा नसल्याचा एक, आणि आपलं असं एक माणूस नसल्याचा दुसरा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमच्या बाबांचा दुसरा दिसतोय. ज्येष्ठांचा गट हे पहिल्याचं औषध. पाय मोडलेल्याला चष्मा आणून द्यावा, तसं झालं ते.

एक विचारू? त्या चार वाक्यांत तुमच्या आईचं नाव कुठेच नाही. चौदा महिन्यांत तुम्ही दोघं तिच्याबद्दल किती वेळा बोललात? त्यांना त्रास होईल म्हणून तुम्ही विषय काढत नसाल. तुम्हाला होईल म्हणून तेही काढत नसतील. माझी बहीण गेली तेव्हा वर्षभर सगळे माझ्यासमोर तिचं नाव गिळत होते. शेवटी इस्त्रीला आलेल्या मुलाने “त्या मावशी नाहीत का आता?” असं विचारलं, तेव्हा मी त्याच्यापाशी अर्धा तास बोलले.

आणि हे मात्र नजरेत ठेवा: झोप उडाली, भूक मेली, कपडे सैल व्हायला लागले, आवडीच्या गोष्टींतही मन लागेना आणि हे दोनेक आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तो एकांत नव्हे, नैराश्य असू शकतं. “वय झालं, चालायचंच” म्हणून सोडू नका, डॉक्टर गाठा. त्यावर उपचार आहेत आणि ते म्हातारपणीही लागू पडतात.

---

साडेचारचा_फोन:

मी एकट्या राहणाऱ्या वयस्कांना फोन करण्याचं स्वयंसेवी काम करते, पाचवं वर्ष चालू आहे. फोनबद्दल दोन शब्द मीही बोलू शकते.

आम्ही सुरुवातीला तीन प्रश्न विचारतो. संशोधकही वापरतात ते. सोबत नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? उत्तरं तीनच: क्वचितच, कधीकधी, बरेचदा. त्यांना एक, दोन, तीन असे गुण. गंमत अशी की ‘एकाकी’ हा शब्द तिन्हींत कुठेच येत नाही. तो आला की लोक “छे छे” म्हणतात. हे प्रश्न लेकीने विचारण्यापेक्षा तिऱ्हाइताने विचारलेले बरे.

फोनने खरंच फरक पडतो का? करोनाच्या काळात टेक्सासमध्ये २४० जणांवर चार आठवडे एक चाचणी झाली. फोन करणारी मुलं १७ ते २३ वयाची, कोणी तज्ज्ञ नाही, थोडंसं प्रशिक्षण दिलेली. पहिले पाच दिवस रोज फोन, पुढे आठवड्यातून किती हे ज्याने त्याने ठरवायचं. एकाकीपण कमी झालं, नैराश्य आणि चिंताही. मला त्यातली दोन सूत्रं महत्त्वाची वाटतात. विषय समोरच्याने निवडायचा, आणि फोन किती वेळा यावा हेही त्यानेच ठरवायचं.

माझ्या यादीत ८३ वर्षांच्या एक आजी आहेत. पहिले दोन महिने आमचंही “बरी आहे, तू कशी आहेस” असंच चाललं होतं. मग मी एक वही केली. बोलणं जिथे थांबलं ते शेवटचं वाक्य लिहून ठेवायचं आणि पुढचा फोन तिथूनच सुरू करायचा. “आजी, परवा तुम्ही म्हणालात की समोरच्यांनी कुंड्या आत घेतल्या. का घेतल्या, कळलं का?” त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या लक्षात राहिलं?” तो फोन सव्वीस मिनिटं चालला. कुंड्यांमध्ये खारीने घर केलं होतं. आता मला त्या खारीची तिसरी पिढी माहीत आहे.

वेळ मात्र पाळा. साडेचार म्हणजे साडेचार. एकदा मला पाच वाजले, तर आजी फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच सांगायचं.

---

खिडकीपाशी:

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद कागदावर उतरवून घेतले होते. काय झालं ते सांगते, सगळंच काही छान झालेलं नाही.

आधी चाकांच्या बॅगेचं. तिचं एक चाक निखळलं होतं, टाकूनच देणार होते. नेली. “दुकानदार नवीन घ्या म्हणतो.” बाबांनी बॅग आडवी केली, चाकाच्या भोकात करंगळी घालून फिरवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू बॅग मीच बनवली होती. “हा आस आहे? हा खिळा आहे! आणि बुश कुठाय? बुशशिवाय चाक?” मग गाडी कारखान्यांच्या आजच्या कामापर्यंत गेली. मी हुज्जत घातली, काकांनी सांगितल्याप्रमाणे. मला बुश म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला फोन केला नि विचारलं, “मग मिळाला का तुम्हाला बुश?” चौदा मिनिटं! मला निम्मं कळलं नाही. पितळेचा कापून घासून घातला एवढं कळलं.

कान. पाठमोरे असताना विचारलं, “बाबा, ही खिडकी रंगवायची का?” उत्तर आलं, “साडेसात.” हसावं की रडावं कळेना. तपासणीला यायला तयार नव्हते. मग मी म्हटलं, चौतीस वर्षं मशिनवर होतात तर तुमचा आलेख कसा येतो ते मला बघायचंय. आलेख म्हटल्यावर आले. मळ निघाला, उजव्या कानातून बराच. आणि आलेखाची रेघ बरोबर कानगोष्ट म्हणाल्या तिथेच खाली गेली होती. बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. “टॉलरन्सच्या बाहेर गेलोय,” म्हणाले. (टॉलरन्स म्हणजे मापात चालून जाणारा फरक.)

यंत्र येऊन नऊ दिवस झाले. दिवसाला दीड तास घालतात. वर्तमानपत्राचं पान उलटताना काढून ठेवतात, “कानात लाकूड फोडतंय” म्हणून. पुढच्या आठवड्यात जुळवणीला जायचंय. जातील की नाही, सांगता येत नाही.

आता आईचं. एकटीच_बरी, तुमचं खरं होतं, आम्ही चौदा महिन्यांत धड एकदाही बोललो नव्हतो. तपासणीहून परत येताना गाडीत, रस्त्याकडे बघतच, मी विचारलं, “आईला माहीत होतं का, तुम्हाला कमी ऐकू येतं ते?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, हेही ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, “तिला बारा वर्षं माहीत होतं. कुठेही गेलो की ती डाव्या बाजूला बसायची. घरी आल्यावर मला सगळं सांगायची, कोण काय म्हणालं, कोण कशाला हसलं. मी दुसऱ्या दिवशी हसायचो.”

मला आठवतंय, प्रत्येक समारंभात आई त्यांच्या डावीकडेच असायची. फोटोंमध्येही. घरी येऊन तिने सगळ्यांच्या बोलण्याचा पाढा वाचला की आम्ही भावंडं तिला चिडवायचो, रेडिओ म्हणायचो.

बाकीचं राहिलंय. गटाला अजून जात नाहीत. टॅबलेट अजून भिंतीकडेच तोंड करून आहे. वहीतल्या तिघांपैकी एकाला फोन लावून दिला, तर दोघेही एकमेकांना “हॅलो, हॅलो” करत राहिले. त्यांचाही कान गेलेला. आता दोघांची भेटच घडवून आणावी म्हणतेय.

---

कानगोष्ट:

वर्तमानपत्राची तक्रार जुळवणीच्या वेळी नेमकी याच शब्दांत सांगू द्या, “कानात लाकूड फोडतंय”. “त्रास होतो” यापेक्षा ते आम्हाला जास्त उपयोगी पडतं. आणि नवव्या दिवशी दीड तास म्हणजे उत्तम चाललंय.

---

मुद्रितशोधक७४:

ताई, “डाव्या बाजूला बसायची” हे वाचून उठलो, घरात एक फेरी मारली आणि परत येऊन लिहायला बसलो.

असो. काम आहे. माझ्या टेबलावरच्या दिव्याची मान सैल झालीय. सरळ करून ठेवावी तर दहा मिनिटांत खाली झुकते आणि उजेड माझ्या मांडीवर पडतो. मला तो टाकायचा नाही, तीस वर्षांचा आहे. सांध्यातला स्क्रू घट्ट करून पाहिला, तो नुसता फिरतो. फोटो पाठवतो. बाबांना विचाराल का? आणि जरा घाई आहे म्हणावं, शुक्रवारपर्यंत नव्वद पानं द्यायचीत.

---

खिडकीपाशी:

काका, विचारलं. फोटो मोठा करून बघायला टॅबलेट वळवला!

निरोप असा: “नुसता फोटो पाठवून काय उपयोग? स्क्रूचा व्यास किती, आटे झिजलेत का, आणि मागे नट आहे की नुसतं भोक, हे कळल्याशिवाय मी काही बोलणार नाही. त्यांना म्हणावं नीट मोजून सांगा. मिलीमीटरमध्ये. अंदाजे नको.”